वळून न बघणारे भांडीकाका

आमच्या शिबिरात ‘सॉरी’ म्हणायला बंदी आहे. कुणाच्या तोंडून निघालंच, तर जेवणानंतर सगळ्यांची ताटं त्याने एकट्याने घासायची. मग तो मुलगा असो, आमच्यातले कुणी ताई-दादा असोत, नाहीतर मुलाला सोडायला आलेले वडील असोत. एका बाबांनी फाटकातच, मुलगा मोठ्याने भुंकल्यासारखा आवाज काढतोय म्हणून आमच्याकडे बघत “सॉरी हं” म्हटलं. पुढे ते बिचारे इस्त्रीच्या पँटची घडी सांभाळत नळापाशी बसलेले मी पाहिले आहेत. हा नियम भांडीकाकांचा, आणि त्याला अपील नाही.

हे शिबिर टुरेट असलेल्या मुलांचं. दर मे महिन्यात काका ते भाईंदरजवळच्या डोंगरीला, समुद्रकाठच्या एका वाडीत भरवतात. टुरेट म्हणजे डोळे मिचकावले जाणं, मान उडणं, घशातून आवाज निघणं, एखादा शब्द पुन्हा पुन्हा तोंडून बाहेर पडणं, आणि हे सगळं त्या मुलाने न ठरवता. शिंक थोडा वेळ दाबून ठेवता येते पण येते ती येतेच, तसं. शाळेत याला मस्ती म्हणतात, नातेवाईक लाडाने बिघडलाय म्हणतात, आणि ही मुलं दिवसभर सॉरी सॉरी करत फिरतात. काकांचं म्हणणं असं, की जे आपण केलंच नाही त्याची माफी मागायची सवय लागली की माणूस हळूहळू स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखा वागायला लागतो. म्हणून ताटं.

भांडीकाका हे नाव मुलांनी ठेवलेलं. खरं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर चार लोक चौकशीला जातील आणि ते मला फोन करून झापतील. भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या गल्लीत त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. उंच, हडकुळे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि दोन्ही न चालणारी. ते स्वतः टुरेटवाले. थोड्या थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून एक बारीक शिट्टी निघते, बोटं काउंटरवर ठेका धरतात, आणि मधेच “बरोब्बर” असा शब्द बाहेर पडतो. तो शब्द त्यांच्या धंद्याला मारक ठरायला हवा होता.

“किती महाग लावता हो,” गिऱ्हाईक म्हणतं.

“बरोब्बर,” काका म्हणतात.

“बाजूवाला कमी में देता है.”

“बरोब्बर.”

गिऱ्हाईक बावचळतं, दोन मिनिटं डबा उलटासुलटा करून बघतं, आणि बहुतेक वेळा घेऊन जातं. इतकं खरं बोलणारा दुकानदार त्याला आयुष्यात भेटलेला नसतो.

त्यांच्या लहानपणी या गोष्टीला नाव आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. अंगारे झाले, गळ्यात ताईत झाले, मास्तरांच्या छड्या झाल्या. मोठे झाल्यावर भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर कामाला लागले. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात शेजारचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नाही. “तिकडे मी पहिल्यांदा मोकळेपणी शिट्टी मारली,” ते सांगतात. “सगळे वैतागायचे त्या आवाजाला. मला वाटायचं, देवा, हे मशीन बंद नको पडू दे.” पुढे स्वतःचं दुकान काढायची वेळ आली तेव्हा मित्राने कापडाचं सुचवलं होतं. कापडाच्या दुकानात फार शांतता असते म्हणून काकांनी स्टीलचं काढलं.

माझी त्यांची ओळख दुकानातच झाली. मामेबहिणीच्या रुखवतासाठी डबे घ्यायला मी मावशीबरोबर गेले होते. माझी मान उजवीकडे उडते, लहानपणापासून. त्या काळात मी ऑफिसात सगळ्यांना स्पॉन्डिलायटिस सांगितला होता, आणि तो खरा वाटावा म्हणून कधी कधी गळ्याला पट्टाही बांधून जात असे. मावशी डब्यांची झाकणं लावून बघत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि भर दुकानात, डब्याच्या पत्र्याची जाडी विचारावी तशा आवाजात विचारलं, “मानेचं आहे की खांद्यापासून येतं?”

मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. “तिला स्पॉन्डिलायटिस आहे,” ती म्हणाली.

“बरोब्बर,” काका म्हणाले आणि शिट्टी वाजली. मग त्यांनी मला म्हटलं, “ताई, मे महिन्यात काय करताय?”

मी चिडले होते. तरीही दोन दिवसांनी एकटी परत गेले, कारण त्या प्रश्नात कीव नव्हती. एवढ्या वर्षांत माझ्या मानेबद्दल इतकं साधं कुणी विचारलं नव्हतं.

शिबिरात ताई किंवा दादा म्हणून यायचं तर मुलाखत द्यावी लागे, आणि ती अशी असे. काका तुम्हाला दुकानात स्टुलावर बसवत, चहा मागवत, घरचं-दारचं विचारत. तुम्ही बोलायच्या भरात असताना ते मागच्या बाजूला जात आणि परातींची चळत फरशीवर सोडून देत. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. जो दचकून मागे वळला तो नापास. “मुलं ओरडणार,” ते म्हणत. “दर ओरडण्याला तू मान वळवलीस, तर तुझ्यात आणि त्यांच्या शाळेत फरक काय?” माझी मान तेव्हा उडली खरी, पण ती उजवीकडे. पराती डावीकडे पडल्या होत्या. मला पास केलं.

त्यामुळे आमचा सगळा संघच तसा तयार झाला. मीरारोडचा फैझान होता, तो स्वतः पूर्वी शिबिरात आलेला आणि आता फिजिओथेरपी शिकणारा. आणखी तिघं-चौघं होते. पाठीमागे बाँब फुटला तरी चहाचा घोट न चुकवणारी माणसं. आम्हाला त्याचा अभिमान होता आणि आम्ही तो लपवतही नव्हतो. एकदा एका मुलाचे मामा भेटायला आले. अंगणात शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्या, भुंकणं असा सगळा बाजार चाललेला, आणि आम्ही मधे बसून शांतपणे भेंडी चिरत होतो. मामा फैझानला म्हणाले, “आप लोगों को कुछ होता नहीं क्या?” फैझान म्हणाला, “होता है ना, भूक लगती है.”

भाईंदर स्टेशनहून मुलांना डोंगरीला न्यायला काका खासगी गाडी करत नसत. महापालिकेच्या बसनेच न्यायचं, हा हट्ट. बस सुटली की ते मधल्या दांड्याला धरून उभे राहत आणि सगळ्या प्रवाशांना उद्देशून बोलत. याला ते ‘सगळा माल काउंटरवर ठेवणे’ म्हणत.

“नमस्कार मंडळी, भाईसाब, बेहेनजी. ही आमची पोरं. कोणी सीटी बजाएगा, कोणी मान उडवेल, कोणी चिल्लाएगा. मी पण त्यातलाच. लागण होत नाही, घाबरू नका. बघायचं असेल तर आत्ताच पोटभर बघून घ्या, मग खिडकीबाहेर बघा, डोंगरी छान आहे.”

लोक आधी एकमेकांकडे बघत, मग हसत, आणि उत्तन फाट्यापर्यंत कुणीतरी मुलांना चिक्की वाटत असे. नव्या मुलांची मान मात्र पहिल्या वाक्यालाच खाली गेलेली असायची. बस अर्ध्या रस्त्यात पोचेपर्यंत ती वर आलेली मी दर वर्षी पाहिली आहे.

वाडी मार्थाआंटींची. नारळ, दोन आंबे, लांबट कौलारू घर, मागून उतरणीची पायवाट आणि खाली खडक नि समुद्र. त्यांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथलं, एक मुलगा बोटीवर, एक बँकेत. आंटींना टुरेट-बिरेटशी कर्तव्य नव्हतं. पोरं जेवतात का, एवढंच त्या बघत. “पोरां वराडतात ना, वराडू दे,” त्या म्हणत. “घरान आवाज पायजे. माझी सगली गेली कामाला, घर खायला येते.”

अशा या आमच्या तयारीच्या, पक्क्या, अभिमानी संसारात गार्गी आली.

ती असेल बारा-तेरा वर्षांची. मीरारोडला राहणारी, काटकुळी, चष्मा, हुशार. ती डोळे मिचकावे आणि तिच्या तोंडून एक वाक्य निघे: “आई, पडले!” तेही अगदी खऱ्यासारखं, घाबऱ्याघुबऱ्या आवाजात. वर्गात ती असं ओरडली की पोरं बाकाखाली वाकून बघायची आणि म्हणायची, कुठे पडलीस, दिसत नाहीस.

सोडायला आई आली होती. बारीक चणीची, ऑफिसची बॅग खांद्याला. फाटकापाशी आम्ही बोलत होतो, गार्गी आत झोपाळ्याकडे गेलेली. “आई, पडले!” आलं की आई वळायची. पुन्हा आलं, पुन्हा वळली. मी काही सांगायचे, तिचं अर्धं लक्ष माझ्याकडे आणि अर्धं झोपाळ्याकडे. काका बघत होते.

“ताई,” ते म्हणाले, “तुमच्या मानेला वंगण लागेल अशाने. जरा विसावा द्या तिला. इथे कुणी वळत नाही.”

ती हसली, पण मनापासून नाही. “सवय झालीय काका,” एवढंच म्हणाली. जाताना रस्त्याच्या वळणापर्यंत ती दोनदा मागे वळून बघत गेली.

गार्गी पहिल्या दुपारी माझ्याकडे आली. आम्ही पापड भाजत होतो. ती शेजारी उभी राहून दोन-तीनदा ओरडली आणि मग तिने विचारलं, “ताई, तुम्हाला ऐकू नाही आलं?”

“आलं की.”

“मग?”

“मग काय? पापड धर.”

ती एवढी हसली की पापड मोडला. त्यानंतर तिला कुणी थांबवू शकलं नाही. झाडावर काय चढली, फैझानशी क्रिकेट काय खेळली, आंटींकडून बोंबील साफ करायला काय शिकली. संध्याकाळी फोनवर आईला सांगताना मी तिला ऐकलं, “इथे मी कितीही ओरडले तरी कोणी बघतच नाही गं.” काका शेजारून चालले होते. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. ऐकलंस, असं.

झालं ते दोन दिवसांनी, आणि भर उजेडात. ओहोटी होती म्हणून आम्ही मुलांना घेऊन खडकांवर शिंपले वेचायला गेलो होतो. भरती सुरू होऊन पाणी चढायला लागल्यावर काकांनी शिट्टी मारली. त्यांची ठरवून मारायची शिट्टी वेगळी असते, ती सगळ्यांना कळते. मुलं वर यायला लागली. गार्गी मागे राहिली होती. दोन खडकांच्या फटीत तिचा पाय गेला आणि अडकला.

ती ओरडली, “आई, पडले! पडले!”

सगळ्यात जवळ काका होते. पाठमोरे, एका लहान मुलाच्या चपलेचा पट्टा लावत होते. त्यांनी पट्टा लावला. त्यांच्या वरच्या बाजूला मी होते, माझ्या पुढे फैझान. गार्गी पुन्हा ओरडली. आम्ही एकमेकांशी बोलत होतो, रात्री खिचडी करायची की पुलाव. कुणीही वळलं नाही. परातींची परीक्षा पास झालेली माणसं आम्ही, वळणार कशाला. तिने मग नावं घेऊन हाका मारल्या म्हणे, पण वारा समोरून होता आणि आमच्यापर्यंत पोचत होता तो फक्त तिचा ओळखीचा सूर.

मार्थाआंटी वरून पायवाटेने येत होत्या, हातात रिकामी टोपली. त्यांनी खाली बघितलं आणि टोपली टाकून त्या आमच्या मधून सरळ पाण्याकडे गेल्या. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, तोंडाने आम्हाला शिव्या. “पोर बोंबलते ती ऐकाला येत न्हाय काय रं तुमाला? सगली भयरी हाव?” तेव्हा आम्ही वळलो. पाणी गार्गीच्या मांडीपर्यंत आलं होतं आणि ती आता ओरडत नव्हती.

फैझानने आणि आंटींनी मिळून पाय सोडवला. हाड मोडलं नव्हतं, मुरगळला होता आणि खरचटला होता. फैझानने थंड पाण्याचं फडकं बांधलं. काका काहीच करत नव्हते. ते ओल्या पँटनिशी नुसते उभे होते, आणि त्यांच्या तोंडून शिट्टीमागून शिट्टी निघत होती.

ओटीवर खुर्चीत बसवल्यावर गार्गी रडली नाही. ती काकांना म्हणाली, “मला वाटलं, खरं असेल तेव्हा तुम्हाला कळेल.”

एवढंच. त्यानंतर तिने रुमाल काढला, तोंडावर धरला आणि दाबून ठेवला. थोड्या वेळाने तिच्या खांद्यांना झटका आला, डोळे घट्ट मिटले गेले, पण आवाज बाहेर आला नाही. तिने तो आत धरला. आमच्याकडे येऊन मोकळी झालेली मुलगी आमच्याच ओटीवर पुन्हा आवाज गिळायला लागली होती, आणि शाळेत ज्या कारणासाठी गिळायची त्यापेक्षा हे कारण वाईट होतं. शाळेत लोक बघतात म्हणून. इथे ओरडून काही उपयोग नाही म्हणून. ती अशीच घरी गेली असती, तर आमची सगळी शिबिरं फुकट गेली असती. त्या संध्याकाळी मला तसं वाटलं आणि आजही वाटतं.

आईला फोन केला. ती सकाळी येते म्हणाली.

काकांनी काय करावं? सकाळी उजाडल्याबरोबर त्यांनी उपाय शोधला, आणि तो अर्थातच स्टीलचा होता. मुलांसाठी आणलेले पेले त्यांनी सुतळीत ओवले, प्रत्येकाच्या कमरेला एक पेला आणि एक चमचा. “खरंच काही झालं तर पेला वाजवायचा,” त्यांनी जाहीर केलं. “तोंडाचा आवाज तो तोंडाचा, पेल्याचा आवाज तो खरा.” दिसायला बिनतोड होतं. फक्त एक गोष्ट ते विसरले, आणि ती विसरावी त्यांनीच. ही टुरेटची मुलं. एकाचा आवाज दुसऱ्याला सापडतो, एकाची लकब दुसरा उचलतो. नाश्ता संपायच्या आत दोघांना पेला वाजवायचा चाळा लागला, मग आणखी तिघांना, आणि थोड्याच वेळात वाडीत देवळातल्या आरतीसारखा गजर सुरू झाला. खुद्द काकांची बोटं पेल्यावर ठेका धरत होती. मार्थाआंटी कान धरून आत गेल्या. त्यांना घरात आवाज हवा होता, पण इतका नको होता.

गार्गीने तिचा पेला बांधूच दिला नाही. रुमाल खाली घेऊन ती म्हणाली, “मला नकोय. मी तोंडानेच हाक मारणार. माझ्या हाकेला कोणी यायचंच नसेल तर राहू दे.” आणि रुमाल पुन्हा वर.

काकांनी तो पेला परत घेतला आणि त्याची सुतळी सोडून टाकली. त्यांना हरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

आई आली. तिने पाय बघितला, कुरवाळला, गार्गीच्या तोंडावरचा रुमाल बघितला आणि मग काकांकडे आली. ती ओरडेल असं आम्हाला वाटलं होतं. ओरडली नाही.

“काका, तुम्ही मला हसला होतात,” ती म्हणाली. “ती बोलायला लागल्यापासून मी वळतेय. स्वयंपाक करताना, बसमध्ये, झोपेत. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलेलं नाही. मला काय कळत नव्हतं, की बहुतेक वेळा काही झालेलं नसतं? तरी वळायचे. एखाद वेळी झालं असलं तर?”

काका म्हणाले, “बरोब्बर.” आपोआप आलेलं होतं की मनातून, ते त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग त्यांनी चष्मा काढला. आधी आईकडे आणि मग ओटीवरच्या खुर्चीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “सॉरी. गार्गी, सॉरी. हे मात्र मी केलं.”

वाडीतले पेले थांबले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. लहानातला लहान मुलगा हळूच म्हणाला, “काका, ताटं.”

दुपारी सगळ्यांची ताटं, वाट्या, आमटीचं मोठं पातेलं, सगळं त्यांनी एकट्याने घासलं. फैझान मदतीला गेला तर त्याला हाकललं. जन्मभर नवी भांडी विकलेला माणूस, खरकटं कसं काढतात ते त्यांना माहीत नव्हतं. साबण कोपरापर्यंत, पँट भिजलेली, भांड्यांचा असा दणदणाट की रस्त्याने जाणारे डोकावून बघत होते. गार्गीची खुर्ची ओटीच्या कडेला होती. आई जायची थांबली होती, बॅग अजून खांद्यालाच.

काकांच्या हातून पातेलं निसटलं आणि घरंगळत नारळाच्या आळ्यात गेलं. गार्गीला हसू फुटलं, रुमाल सुटला, आणि कधीचं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं. “आई, पडले!”

काका वळले. साबणाच्या हातांनी, उकिडवे बसल्या जागी, अख्खे वळले.

“खरं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” गार्गी म्हणाली.

“बरं,” म्हणून ते पुन्हा ताटाकडे वळले. पाच ताटं होतात न होतात तोच पुन्हा “आई, पडले!” पुन्हा वळले. “खरं?” “नाही.” “बरं.” त्यात वैताग नव्हता, कौतुकही नव्हतं. शेजारच्याने हाक मारली की आपण बघतो ना, काय रे म्हणून, तेवढंच. टक लावून बघणं वेगळं आणि हाकेला वळणं वेगळं, हे आम्हा सगळ्या पक्क्या लोकांना त्या नळापाशी समजलं. रुमाल खाली पडलेला होता, तो गार्गीने उचलला नाही. आईने बॅग खांद्यावरून उतरवली आणि ओटीवर ठेवली. शिबिर संपेपर्यंत गार्गी राहिली, लंगडत, ओरडत.

लोक मला विचारतात, सुट्टी घेऊन दर वर्षी तिकडे कशाला जातेस. मी सांगते, अभिमानाने. स्पॉन्डिलायटिसचा पट्टा मी केव्हाच टाकला. ऑफिसात आता सगळ्यांना माहीत आहे, आणि नवीन साहेब आले की मी सगळा माल काउंटरवर ठेवते. आयुष्यभर धरलेली गोष्ट एका सकाळी सोडून देणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. जी पाहिली त्यातले एक भाईंदरला भांडी विकतात.

दुकानातली मुलाखत अजून होते. पराती अजून पडतात. फक्त निकाल बदलला आहे. जो वळतो आणि विचारतो, “काका, लागलं का कुठे?” तो पास.

काकांचे गुडघे आता साथ देत नाहीत. गेल्या मे महिन्यात ते खडकांवर आलेच नाहीत, आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. गार्गी आता कॉलेजात आहे आणि शिबिरात गार्गीताई आहे. मुलांना घेऊन ती पलीकडे नारळांत काहीतरी खेळत होती. शेवटचा दिवस होता, तिची आई आंटींना भेटायला म्हणून आली होती. आम्ही ओटीवर चहा घेत बसलो होतो.

“आई, पडले!” नारळांतून आवाज आला.

मी सवयीने वळले. आंब्याखाली काकांनी मान वर केली, हाताची सावली डोळ्यांवर धरून बघितलं आणि विचारलं, “खरं?”

“नाही काका,” तिकडून उत्तर आलं.

गार्गीची आई वळली नव्हती. माझं लक्ष गेलेलं तिला कळलं.

“ते आहेत ना तिथे,” ती म्हणाली, आणि तिने बिस्कीट चहात बुडवलं.